भाच्याचं तिसरं मागणं

पेटी भरली ही बातमी तोक्तारला खुद्द पेटीनेच दिली. शनिवारी सकाळी तो चहाचा तिसरा वाडगा तोंडाला लावणार, तोच पुस्तकांच्या कपाटातून बीप बीप सुरू झालं आणि थांबेचना.

"तिला काय होतंय रे? पहाटेपासून कण्हत होती, आता ओरडायलाच लागली," आपा म्हणाल्या. आपा म्हणजे तोक्तारची आई, वय एक्याऐंशी. अल्माटीतल्या त्या चौथ्या मजल्यावरच्या घरात कोण आजारी, कोण रुसलेलं आणि कोण खोटं बोलतंय हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं.

"जागा संपली तिची. एक्क्याण्णव टक्के भरली होती, काल झानारच्या लग्नाचा व्हिडिओ घातला. आठ तासांचा."

"मग त्यातलं थोडं काढून टाक. झानारच्या लग्नात बघण्यासारखं काही नव्हतं."

तोक्तारने वाडगा खाली ठेवला. काढून टाक! हा शब्द त्याच्या घरात, त्याच्या आईने, त्याच्या पेटीबद्दल उच्चारावा! पेटी म्हणजे दिसायला पावाच्या लादीएवढा काळा डबा. घरातल्या सगळ्या फोनांतले फोटो, सगळे व्हिडिओ वायफायवरून तिच्यात जाऊन पडायचे. आत दोन डिस्क होत्या आणि जे काही यायचं ते दोन्हींवर लिहिलं जायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी शिल्लक. तोक्तार तंत्रनिकेतनात जमीनमोजणी शिकवायचा. प्रत्येक माप दोनदा घ्या, हे त्याने तीस वर्षं पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, आणि जगात फक्त या पेटीने ते मनावर घेतलं होतं.

अकरा वर्षं त्याने तिच्यात सगळ्या गोतावळ्याची लग्नं, बारशी आणि साठीच्या मेजवान्या साठवल्या होत्या. हे काम त्याला कुणी दिलेलं नव्हतं. कुणी प्रत मागितली तर मात्र तो हात जोडायचा. "प्रती फिरायला लागल्या की हरवतात. बघायचंय ना? घरी या, चहा पाजतो." पेटीचा पासवर्ड एकट्या त्यालाच ठाऊक होता.

खरं सांगायचं तर त्या सगळ्या पसाऱ्यात जीव अडकावा अशी गोष्ट एकच होती, आणि ती चार मिनिटांची होती. तोक्तारच्या मुलीच्या लग्नात त्याच्या वडिलांनी, दोन्ही तळवे समोर धरून, नवरा-नवरीला दिलेला आशीर्वाद. त्यानंतर पाच महिन्यांत म्हातारा गेला. त्याला तीन वर्षं झाली. दर शुक्रवारी आपा गेलेल्या माणसाच्या नावाने तेलात सात शेल्पेक तळायच्या. या पातळ पोळ्यांचा तळणीचा वास त्या माणसापर्यंत पोचतो, असं तिथे सगळेच मानतात. पोळ्या झाल्या की आपा हात पुसून टीव्हीसमोर बसायच्या, तोक्तार पेटीतून आशीर्वाद लावायचा, आणि मग सात पोळ्या शेजाऱ्यांत वाटल्या जायच्या.

त्या चार मिनिटांत एकच डाग होता. ऐन रंगात आलेला आशीर्वाद मध्येच तोडून म्हातारा थेट कॅमेऱ्याकडे बघून विचारायचा, "या कॅमेरावाल्याला कुणी खायला दिलं का? सकाळपासून उभा आहे." आणि मग पुन्हा "तुमच्या चुलीची आग कधी न विझो" वगैरे. आपा दर शुक्रवारी टीव्हीला उत्तर द्यायच्या, "दिलं हो, दिलं." तोक्तारला मात्र ती जागा दर शुक्रवारी खटकायची.

शनिवारी दुपारी तो बाजारात जाऊन चौपट मोठ्या दोन डिस्क घेऊन आला. जिन्यातच समोरच्या घरातला गेन्नादी आर्काद्येविच भेटला. विमान कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. जिन्यात सिगारेट ओढत उभं राहून लोकांच्या यंत्रांविषयी मत देणं हा त्याचा दिनक्रम.

"किती वर्षं चालतेय ती पेटी?" त्याने विचारलं.

"अकरा."

"एकदा तरी बंद पडली?"

"कधीच नाही."

"मग तुझं तिच्याशी वैर काय आहे?"

घरात राउशानने, म्हणजे बायकोने, खोकी हातात घेऊन उलटीपालटी केली. "कपड्यांना जागा नाही म्हणून मी चार वर्षं सांगतेय. या डब्याला एका दिवसात मिळाली," एवढंच ती म्हणाली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाल्यामुळे तोक्तारला यावर गप्प बसणं जमलं.

रविवारी बहीण शोल्पान आणि तिचा मुलगा एल्दोस जेवायला आले. आता इथे एल्दोसविषयी सांगायला हवं, कारण तोक्तारला जगात भीती वाटायची ती दोनच गोष्टींची, एक जिल्हा कर कार्यालय आणि दुसरा हा भाचा. पोरगा वाईट नव्हता. तिशीतला, अबोल, लग्नांचे व्हिडिओ काढून पोट भरणारा. पण त्यांच्यात भाच्याला आजोळी एक हक्क असतो. आयुष्यात तीनदा तो आजोळच्या घरातली कुठलीही वस्तू मागू शकतो, आणि मामाने नाही म्हणायचं नाही. म्हटलं तर मामाचे हात थरथरायला लागतात, अशी समजूत आहे. जमीन मोजणाऱ्याचे हात थरथरून कसं चालेल?

एल्दोसने पहिलं मागणं नऊ वर्षांचा असताना वाया घालवलं होतं. आजोबांचं खोगीर मागितलं, आणि घोडा नसल्यामुळे ते सोफ्याच्या पाठीवर टाकून वर्षभर त्यावरच दौडला. दुसऱ्या वेळी त्याने मामाचा नवाकोरा कॅमेरा नेला, तो मात्र त्याचा पोटाचा धंदा झाला. तिसरं अजून शिल्लक होतं. खाली अंगणात तोक्तारची चंदेरी जपानी गाडी उभी असायची, आणि एल्दोस खिडकीपाशी गेला की मामाचा घास घशात अडकायचा.

त्या दिवशी जेवण झाल्यावर तोक्तारने सगळ्यांदेखत पेटी उघडली. त्याला हे काम प्रेक्षकांशिवाय करवलं नसतं. "आता लक्ष द्या. एक जुनी डिस्क काढायची, तिच्या जागी नवी घालायची. उरलेली जुनी डिस्क नवीला सगळं शिकवते. ते झालं की तिलाही काढायचं, दुसरी नवी घालायची. एवढंच. आणि जागा झाली की बाबांचा आशीर्वाद नीट साफ करून ठेवणार आहे. मधला तो व्यत्यय कापून टाकायचा. ऐकताना ठेच लागते."

आपा टेबलावरचे चुरे गोळा करत राहिल्या. तोक्तारने पहिली जुनी डिस्क काढून रुमालावर ठेवली, नवी बसवली, आणि पेटीने फोनवर कळवलं की शिकवणी पूर्ण व्हायला सेहेचाळीस तास लागतील.

तेवढ्यात एल्दोस उभा राहिला. त्याने कोटाची बटणं लावली. तोक्तारची नजर आपोआप खुंटीवरच्या गाडीच्या किल्लीकडे गेली.

"मामा, माझं तिसरं मागणं आहे."

शोल्पान म्हणाली, "अरे, आज?" राउशानने हातातली बशी खाली ठेवली.

"बोल," तोक्तार म्हणाला.

"ही जुनी डिस्क द्या मला."

तोक्तारचा जीव असा भांड्यात पडला की तो खळखळून हसला. "ही? अरे, अकरा वर्षं जुनी आहे! नवी घे हवी तर!"

"हीच द्या."

"घे, घे! रुमालासकट घे!" त्याने स्वतः ती गुंडाळून भाच्याच्या हातात दिली, वर त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. पाहुणे गेल्यावर तो खिडकीतून गाडीकडे पाच मिनिटं प्रेमाने बघत होता. "साधा आहे बिचारा," तो राउशानला म्हणाला. "गाडी मागायचं डोकं नाही."

त्याच संध्याकाळी लिफ्टमध्ये सूचना लागली. नवीन मीटर बसवायचे असल्याने मंगळवारी सकाळी नऊपासून वीज बंद. सेहेचाळीस तास मंगळवारी दुपारी पुरे होत होते. सोमवारी सकाळी तोक्तार इमारतीच्या अध्यक्षीणबाई लाझात यांच्या तळघरातल्या कार्यालयात हजर झाला.

"एक दिवस पुढे ढकला, बाई. घरात नाजूक काम चालू आहे."

"कुणी आजारी आहे?"

"पेटी."

लाझातबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लेखी अर्ज लागेल. आणि जिन्यातल्या निम्म्या घरांच्या सह्या."

तोक्तार अर्ज घेऊन अठरा दारं हिंडला. जमीनमोजणीत सीमेवरचे शेजारी सही देताना काय करतात ते तो शिकवायचा, पण स्वतःवर आलं तेव्हा त्याला ते आठवलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सही देण्याआधी अर्जात लिफ्टच्या दिव्याची तक्रार घातली. पाचव्यावरच्या बाईंनी कबुतरं घातली. गेन्नादीने अंगणातल्या बाकाविषयी तीन मुद्दे स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. तीन वाजता अर्ज कार्यालयात पोचला तेव्हा वीज हा त्यातला सातवा मुद्दा होता.

लाझातबाईंनी तो सगळा वाचला. "लिफ्ट, कबुतरं, बाक, हे बैठकीत घेऊ. विजेचं मात्र मान्य. मंगळवारी बंद ठेवणार नाही."

तोक्तार जिना चढताना शीळ घालत होता. साडेचार वाजता घरातले सगळे दिवे गेले. त्याने धावत जाऊन तळघरात विचारलं.

"तुमच्याच अर्जाचा मान ठेवला की!" लाझातबाई म्हणाल्या. "मंगळवार नको म्हणालात. मीटरवाले आजच मोकळे होते."

शिकवणी साठ टक्क्यांवर तुटली होती. सात वाजता वीज आली, पेटीचा लाल दिवा लागला, आणि आतून टिक, टिक, टिक असा आवाज येऊ लागला. उरलेली जुनी डिस्क मेली होती. नवीला अर्धवटच शिकवलेलं, म्हणजे काहीच येत नव्हतं. जगात आता ती चार मिनिटं एकाच ठिकाणी धड उरली होती. ती त्याने आदल्या दिवशी हसत हसत, रुमालासकट देऊन टाकली होती.

तोक्तार खुर्चीवर बसला. शुक्रवारला चार दिवस होते.

आता कुणीही म्हणेल, भाच्याला फोन कर आणि परत माग. पण भाच्याने हक्काने नेलेली वस्तू परत मागितलेला मामा त्यांच्या सात पिढ्यांत झाला नव्हता. शोल्पानने हे पुढच्या प्रत्येक लग्नात सांगितलं असतं, आणि तो व्हिडिओही तोक्तारलाच साठवावा लागला असता. शिवाय आपांना कळता कामा नये. एक्याऐंशीच्या बाईला काय सांगणार, की तुमचा नवरा माझ्या हातून हरवला?

गेन्नादीने जिन्यात टिकटिकीचं वर्णन ऐकून निदान केलं. "पिशवीत घाल आणि बर्फाच्या कप्प्यात ठेव. एक रात्र. धातू आखडतो, मग कधीकधी एकदा चालते." तोक्तारने डिस्क पिशवीत गुंडाळली आणि घोड्याच्या मांसाच्या गोठवलेल्या सॉसेजांमागे लपवली. मंगळवारी सकाळी ती काढून पेटीत घातली. टिकटिक बंद झाली होती. बाकी काही सुरू झालं नव्हतं. त्याने ती परत कप्प्यात ठेवली, का ते त्यालाही सांगता आलं नसतं.

बुधवारी दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाने तिच्या पाठीवर बोटाने टकटक केली. "दहा दिवस. आणि खात्री नाही." तोक्तारने ती परत आणून पुन्हा सॉसेजांमागे ठेवली.

मधल्या काळात त्याने एल्दोसला तीनदा फोन केला. पहिल्यांदा हवापाण्याविषयी बोलला. दुसऱ्यांदा विचारलं, "तुझ्याकडे दमट नाही ना? डिस्कला दमट चालत नाही." तिसऱ्यांदा, "तू ती कशाला लावलीबिवली नाहीस ना? नाही, सहज विचारतोय. तब्येतीची चौकशी."

"माझ्या तब्येतीची?"

"तुझीच. आणखी कुणाची?"

"बरा आहे मामा," एल्दोस म्हणाला.

गुरुवारी कॉलेज सुटल्यावर तोक्तारने गाडी काढली. भाचा नव्या घरी राहायला गेल्याला तीन वर्षं झाली होती, आणि पत्ता शोल्पानला विचारावा लागला. हे त्याला वाटेत प्रत्येक सिग्नलला आठवत होतं.

एल्दोसने दार उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. "मामा? तुम्ही? या, आत या ना!" खोली लहान होती. सोफ्याच्या पाठीवर ते खोगीर होतं. टेबलावर संगणकाशेजारी तोक्तारचाच रुमाल, आणि रुमालावर डिस्क.

तोक्तारने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "गाडी घे."

"काय?"

"तुझं तिसरं मागणं. आपण ते गाडीवर करू. ही डिस्क मला परत दे."

एल्दोसने किल्लीकडे पाहिलं, मग खिडकीतून खाली पाहिलं. "गाडीला काय झालंय?"

"काहीही झालेलं नाही गाडीला!" तोक्तार ओरडला, आणि मग खाली बसला, आणि मग सगळं सांगून टाकलं. अर्ज, कबुतरं, मीटर, टिकटिक, सॉसेज. "उद्या शुक्रवार आहे रे. आपा टीव्हीसमोर येऊन बसतील. डिस्कवर आहे ना अजून? पुसली नाहीस ना?"

"नाही पुसली." एल्दोस चहा ओतत होता आणि मामाकडे बघत नव्हता. "लावली तर संगणक म्हणतो, ही वाचता येत नाही, पुसून नव्याने तयार करू का? मी नाही म्हणतो. रोज लावतो, रोज विचारतो, रोज नाही म्हणतो."

"तुझ्या संगणकाला कशी वाचता येईल? पेटीतच चालते ती. मला का नाही विचारलंस?"

"काय विचारायचं? तुम्ही म्हणाला असतात, घरी ये, चहा पाजतो."

तोक्तारने वाडगा उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"ते चित्रीकरण मी केलं होतं, मामा. त्याच संध्याकाळी तुम्ही कॅमेऱ्यातलं कार्ड मागून घेतलंत. म्हणालात, माझ्याकडे सुरक्षित राहील. मग कार्ड पुसून परत दिलंत. तीन वर्षांत मी दोनदा प्रत मागितली."

"प्रती फिरायला लागल्या की..." तोक्तार म्हणाला आणि थांबला.

"रविवारी तुम्ही म्हणालात, मधला व्यत्यय कापणार." एल्दोस आता सरळ बघत होता. "तो व्यत्यय मी आहे. चारशे माणसं होती त्या दिवशी. मी जेवलो नाही हे फक्त आजोबांनी पाहिलं."

तोक्तारने आयुष्यभर लोकांच्या जमिनी इंचापर्यंत मोजून दिल्या होत्या, आणि दर शुक्रवारी ऐकलेल्या एका वाक्यात कोण उभं आहे ते त्याला दिसलं नव्हतं. त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला जिल्हा कर कार्यालयातही वाटली नव्हती.

"किल्ली घ्या मामा," एल्दोस म्हणाला. "डिस्क घेऊन उद्या मीच येतो. कापणार नसाल तर."

शुक्रवारी दहा वाजता तेलाचा वास जिन्यात खालपर्यंत पोचला होता. तोक्तारने जुनी डिस्क पेटीत सरकवली. त्याचे हात थरथरत होते, आणि ते का, यावर त्याने विचार करायचं टाळलं. लाल दिवा लागला. बारीक गुणगुण सुरू झाली. लाल दिवा तसाच. एल्दोसने मामाच्या खांद्यावर हात ठेवला, तसा दिवा हिरवा झाला.

आपा हात पुसत येऊन बसल्या. टीव्हीवर म्हाताऱ्याने तळवे उघडले. तुमचं अंगण भरलेलं राहो, तुमच्या दारात पाहुणे येवोत. आणि मग नेहमीच्या जागी तो थांबला, कॅमेऱ्यात पाहिलं आणि म्हणाला, "या कॅमेरावाल्याला कुणी खायला दिलं का? सकाळपासून उभा आहे."

आपा काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी मान वळवून तोक्तारकडे पाहिलं.

तोक्तार उठला. परातीतली सगळ्यात वरची, हाताला चटका देणारी पोळी त्याने उचलली आणि भाच्याच्या हातात ठेवली.

"देतोय, बाबा," तो टीव्हीला म्हणाला. एल्दोस ती गरम पोळी तशीच तोंडाला लावून रडला, आणि शोल्पान समोर नव्हती म्हणून तोक्तारही रडला.

आशीर्वाद संपल्यावर आपा म्हणाल्या, "आता त्या सॉसेजांमागचं ते काय आहे ते बाहेर काढ. मंगळवारी मी चुकून उकळायलाच टाकत होते."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तू चार दिवस माझ्याशी गोड बोलत होतास. मी म्हटलं, काहीतरी मेलंय."

त्या दुपारी तोक्तारने बाजारातून नखाएवढ्या सात पेनड्राइव्ह आणल्या आणि प्रत्येकीवर ती चार मिनिटं, न कापता, घातली. एक एल्दोसची, एक शोल्पानची. बाकीच्या पाच उरलेल्या पोळ्यांबरोबर दारोदार गेल्या. लाझातबाईंनी पावती लिहून दिली. गेन्नादीने पोळी लगेच खाल्ली आणि पेनड्राइव्ह डोळ्यांशी धरून पाहिली.

"तुझ्या बापाचा आवाज मी कशाला ठेवू? मला तुमची भाषा अर्धी कळते."

"ठेव. माझ्याकडे हरवतो."

गेन्नादीने ती सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं.

संध्याकाळी एल्दोस निघताना दारात घुटमळला. जुनी डिस्क पेटीतच होती आणि नव्या डिस्कला शांतपणे शिकवत होती. "आजी," त्याने विचारलं, "मागितलेली वस्तू आजोळी परत आली, तर मागणं फिटलं की नाही?"

आपांनी फार विचार केला नाही. "नाही फिटलं. तिसरं अजून उभं आहे."

एल्दोसने बूट घालता घालता खिडकीकडे नुसतं पाहिलं. तोक्तारने खुंटीवरची किल्ली झटकन काढून खिशात घातली. भाचा जिना उतरून गेला, त्याची पावलं तळमजल्यावर विरली. मग तोक्तारने ती किल्ली खिशातून काढली आणि परत खुंटीवर, नीट दिसेल अशी, अडकवली.